जॅग्वारचा वारसा किमतीत आहे

नोव्हेंबर २०२४ मध्ये जॅग्वार कंपनीनं एक छोटीशी जाहिरात काढली. भडक रंगांच्या, चित्रविचित्र कपड्यांतली माणसं, मागे गुलाबी माळरान, आणि गाडी एकही नाही. जगभर गदारोळ उठला. जुनं बोधचिन्ह कुठे गेलं, झेप घेणारा जॅग्वार कुठे गेला, ही गाड्यांची कंपनी आहे की कपड्यांची, असे प्रश्न लाखो लोकांनी विचारले. कंपनीनं त्यावर संस्थापकालाच साक्षीला उभं केलं. सर विल्यम लायन्स म्हणत की जॅग्वार ही कशाचीही नक्कल नसावी. त्यावरूनच 'कॉपी नथिंग' हे नवं ब्रीद घेतलं आहे, असं सांगितलं गेलं.

त्या वादात रंगांवर बोललं गेलं, अक्षरांच्या वळणावर बोललं गेलं, जाहिरातीतल्या माणसांवर तर नको तितकं बोललं गेलं. त्याच सुमारास कंपनी आणखी एक गोष्ट उघडपणे सांगत होती, तिच्याकडे मात्र फार थोड्यांनी लक्ष दिलं. यापुढची जॅग्वार फक्त विजेवर चालेल, गाड्या कमी बनतील आणि किंमत एक लाख पौंडांच्या पुढे असेल. म्हणजे कर आणि आयात शुल्क न धरताही आपल्याकडचे एक कोटी रुपये सहज ओलांडणारी गाडी. जुन्या ग्राहकांपैकी फार तर दहा-पंधरा टक्के आपल्याबरोबर राहतील, असा अंदाजही कंपनीच्या प्रमुखांनी जाहीरपणे दिला होता.

माझं म्हणणं असं की लायन्स यांच्या वारशाशी खरी फारकत इथे झाली आहे. गुलाबी रंगानं त्यांचं काही बिघडत नाही. तरुणपणी भडक दुरंगी गाड्या विकूनच त्यांनी नाव कमावलं होतं. पण आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी जिवाचं रान केलं, ती गोष्ट म्हणजे किंमत. समोरच्यानं गाडी पाहून मनात जो आकडा धरला असेल, त्यापेक्षा निम्म्या आकड्याला ती त्याच्या हातात द्यायची. ही युक्ती काढून घेतली तर जॅग्वार हे नाव कोणत्याही महागड्या गाडीला लावता येईल.

हा प्रश्न इंग्लंडचा आहे, आपण कशाला त्यात पडायचं, असं कोणी म्हणेल. पण जॅग्वारचे मालक इंग्लंडमध्ये नाहीत. मार्च २००८ मध्ये टाटा मोटर्सनं फोर्डशी करार केला आणि जूनमध्ये जॅग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या २.३ अब्ज डॉलरना घेतल्या. तेव्हापासून जॅग्वारबद्दलचे मोठे निर्णय शेवटी मुंबईत मंजूर होतात. पुण्यात अनेक वर्षं या गाड्यांची जुळणी होत आली. महाराष्ट्रातल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांत टाटा मोटर्सचे शेअर आहेत, आणि २०२५ मधल्या विभाजनानंतर जॅग्वार-लँड रोव्हर ज्या प्रवासी वाहनांच्या कंपनीकडे राहिली तिचेही ते भागधारक आहेत. म्हणजे या वारशाचे राखणदार आता आपण आहोत.

आपल्याकडे या खरेदीची एकच गोष्ट सांगितली जाते. १९९९ साली रतन टाटा फोर्डकडे आपला मोटारींचा धंदा विकायला गेले होते, तिथे त्यांचा पाणउतारा झाला, आणि नऊ वर्षांनी त्यांनी फोर्डकडूनच जॅग्वार घेतली. त्या बैठकीला हजर असलेले टाटा समूहातले अधिकारी प्रवीण कडले यांनी २०१५ साली मुंबईतल्या एका समारंभात ही हकिकत सांगितली, आणि तेव्हापासून ती मोबाइलवरून फिरते आहे. तिचा अभिमान वाटणं स्वाभाविक आहे, मलाही वाटतो. पण ती गोष्ट घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची झाली. जी वस्तू घेतली ती कोणी आणि कशी घडवली, हे त्यात कुठेच येत नाही. आपण एखादं जुनं घर विकत घेतो तेव्हा ते बांधणाऱ्यानं भिंती कशावर पेलल्या आहेत हे आधी पाहतो, मगच एखादी भिंत पाडायला काढतो.

विल्यम लायन्स यांचा जन्म ४ सप्टेंबर १९०१ चा, उत्तर इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलचा. समुद्रकाठचं हे गाव गिरण्यांतल्या कामगारांच्या सुट्टीचं ठिकाण होतं. वडील आयर्लंडहून आलेले, वाद्यांचं दुकान चालवणारे. मुलानं मँचेस्टरला क्रॉस्ली मोटर्समध्ये उमेदवारी केली, संध्याकाळी तांत्रिक शाळेत वर्ग केले, पण ते काही पूर्णत्वाला गेलं नाही. परत येऊन मोटारी विकण्याच्या दुकानात विक्रेत्याचं काम धरलं. लायन्स अभियंता नव्हते, चित्रकारही नव्हते. त्यांना धड रेखाटनही जमत नसे. जगातल्या सर्वांत देखण्या गाड्यांपैकी काही या माणसाच्या हाताखाली तयार झाल्या, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवं.

शेजारी विल्यम वॉम्स्ली नावाचा तरुण मोटरसायकलच्या साइडकार बनवत असे. चकचकीत ॲल्युमिनियमच्या, टोकदार, हवाई जहाजासारख्या दिसणाऱ्या. लायन्सनी त्यातली एक घेतली आणि त्यांना त्यात धंदा दिसला. सप्टेंबर १९२२ मध्ये ते एकवीस वर्षांचे झाले, म्हणजे कायद्यानं सज्ञान झाले, आणि लगेच भागीदारी उभी राहिली. दोघांच्या वडिलांनी पाचपाचशे पौंडांची हमी दिली, बँकेनं हजार पौंड उचल दिली, ब्लूमफील्ड रोडवर जागा मिळाली. नाव ठेवलं स्वॅलो साइडकार.

पाच वर्षांनी ते मोटारींकडे वळले, आणि इथे त्यांच्या डोक्याची जातकुळी प्रथम दिसली. ऑस्टिन सेव्हन ही तेव्हाची इंग्लंडमधली सामान्य माणसाची गाडी. छोटी, स्वस्त, विश्वासाची आणि दिसायला साधीसुधी. लायन्सनी इंजिनाला हात लावला नाही, चॅसीला म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला लावला नाही. ऑस्टिनकडून तयार चॅसी घेतली आणि तिच्यावर गोलसर, दुरंगी, श्रीमंती थाटाची बॉडी चढवली. लंडनच्या हेन्लीज या विक्रेत्यांनी एकदम पाचशे गाड्यांची मागणी नोंदवली. ब्लॅकपूलच्या स्टेशनवर चॅसींचा असा ढीग साचू लागला की रेल्वेवाले तक्रार करू लागले. १९२८ मध्ये लायन्सनी बाडबिस्तरा उचलून कॉव्हेंट्री गाठली आणि फोलशिल भागात, युद्धकाळात तोफगोळे भरण्यासाठी उभारलेल्या इमारतीत कारखाना थाटला. मोटारींचे सगळे पुरवठादार त्या शहरात होते.

या पहिल्या गाडीतलं गणित नीट पाहिलं पाहिजे, कारण पुढची पंचेचाळीस वर्षं तेच चाललं. जे भाग ग्राहकाला दिसत नाहीत आणि दुसरा कोणी चांगले बनवतोच आहे, ते दुसऱ्याकडून घ्या. जिथे माणसाची नजर पडते, हात फिरतो, पाठ टेकते, तिथे आपला पैसा आणि आपलं डोकं लावा. जो पैसा वाचेल तो किमतीतून ग्राहकाला परत द्या. ऑस्टिन सेव्हन परवडणाऱ्या कारकुनाला थोडे पैसे अधिक टाकून अशी गाडी मिळू लागली, की शेजाऱ्यानं वळून पाहावं. समाजातल्या पायऱ्या इतक्या कडक असलेल्या त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही लहान गोष्ट नव्हती.

ऑक्टोबर १९३१ च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात एसएस वन ही गाडी आली. लांबलचक बॉनेट, जमिनीला टेकल्यासारखी उंची. हजार पौंडांची दिसणारी गाडी, असं तिचं वर्णन झालं. किंमत होती ३१० पौंड. या गाडीची एक हकिकत लायन्सचा स्वभाव सांगून जाते. काम शेवटच्या टप्प्यात असताना अपेंडिक्सच्या दुखण्यानं त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. तेवढ्यात वॉम्स्लींनी आत बसणाऱ्याचं डोकं आपटू नये म्हणून टप उंच करून घेतला. लायन्स परत आले तेव्हा गाडीची सगळी रेषाच बिघडली होती, आणि बदलायला वेळ उरला नव्हता. जग गाडीचं कौतुक करत होतं आणि हा माणूस तिच्यावर नाराज होता. पुढच्याच वर्षी त्यांनी टप खाली आणला. वॉम्स्ली काही वर्षांत भागीदारीतून बाहेर पडले.

त्या गाडीवर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. स्टँडर्ड कंपनीचं साधं इंजिन त्या रुबाबाला शोभत नव्हतं. नुसता देखावा, असं वाहनांतले जाणकार म्हणत. लायन्सनी ही टीका मनावर घेतली. विल्यम हेन्स या तरुण अभियंत्याला बोलावून त्याच्या हाती सगळा तांत्रिक विभाग सोपवला, इंजिनाचं डोकं, म्हणजे सिलिंडर हेड, बदलण्यासाठी हॅरी वेस्लेक या तज्ज्ञाला गाठलं. त्यातून १९३५ च्या सप्टेंबरमध्ये पहिली जॅग्वार आली.

लंडनच्या मेफेअर हॉटेलात विक्रेत्यांना जेवायला बोलावलं होतं. नवी गाडी समोर ठेवली आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी देऊन तिची किंमत किती असेल ते लिहायला सांगितलं. ही माणसं रोज गाड्या विकणारी होती, बाजारभाव कोळून प्यायलेली. चिठ्ठ्या गोळा झाल्या, सरासरी निघाली ६३२ पौंड. मग लायन्सनी खरी किंमत सांगितली, ती चारशे पौंडांच्याही आत होती. मला या माणसाच्या साऱ्या आयुष्यातला हा क्षण सर्वांत बोलका वाटतो. कारखानदार सहसा खर्च मोजतो, त्यावर नफा चढवतो आणि किंमत ठरवतो. लायन्स उलटीकडून येत. गाडी पाहिल्यावर माणसाच्या मनात कोणता आकडा उमटतो आणि प्रत्यक्षात आपण कोणता आकडा सांगू शकतो, या दोन आकड्यांमधलं अंतर हाच त्यांचा माल होता. तेच अंतर ते विकत.

महायुद्धानंतर कंपनीच्या नावातली एसएस ही अक्षरं उच्चारवेनात, हिटलरच्या सैनिकांनी ती काळवंडून टाकली होती, म्हणून १९४५ मध्ये कंपनीचं नावच जॅग्वार झालं. युद्धाच्या काळात बॉम्बमुळे लागणाऱ्या आगीवर नजर ठेवण्यासाठी कारखान्यात रात्रपाळीचा पहारा असे. त्या रात्री लायन्स आणि हेन्स, वॉल्टर हॅसन, क्लॉड बेली हे त्यांचे अभियंते बसून पुढच्या इंजिनाची चर्चा करत. त्यातून एक्सके हे सहा सिलिंडरचं इंजिन जन्मलं. ते १९४८ मध्ये जगासमोर आलं आणि १९९२ पर्यंत बनत राहिलं. इंजिन तयार होतं, पण ज्या मोठ्या गाडीसाठी ते बनवलं ती तयार नव्हती. म्हणून प्रदर्शनात इंजिन दाखवायला लायन्सनी काही आठवड्यांत एका स्पोर्ट्स गाडीची बॉडी घडवून घेतली. ती एक्सके १२०. दोनशेच गाड्या बनवायचा बेत होता. कर सोडून किंमत ९९८ पौंड. ताशी १२० मैल धावणारी गाडी हजार पौंडांच्या आत, यावर लोकांचा विश्वास बसेना. पुढच्या वर्षी बेल्जियममधल्या जॅबेकच्या रस्त्यावर पत्रकारांसमोर तिनं ताशी १३२ मैल गाठले, आणि दोनशेचा बेत हजारोंवर गेला. बहुतेक गाड्या अमेरिकेला गेल्या, कारण तेव्हा ब्रिटनमध्ये पोलाद निर्यात करणाऱ्यालाच मिळे.

ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत १९५१ ते १९५७ या काळात जॅग्वारनं पाच वेळा बाजी मारली. त्याच्या तपशिलात मी शिरत नाही, त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. पण १९५५ चं सांगावं लागतं. त्या शर्यतीला निघालेला लायन्सचा एकुलता एक मुलगा जॉन फ्रान्समधल्या रस्त्यावर अपघातात गेला. पुढे कंपनी कोणाच्या हाती द्यायची, हा प्रश्न त्या दिवसापासून उघडा राहिला.

लायन्सची काम करण्याची पद्धत आज कोणत्याही कारखान्यात आढळणार नाही. त्यांच्याकडे लाकूडकामाच्या विभागाचा प्रमुख होता फ्रेड गार्डनर. लायन्स त्याला तोंडी सांगत, हातानं हवेत आकार काढून दाखवत. गार्डनरचे कारागीर लाकूड आणि पत्र्यातून गाडीचं पूर्ण आकाराचं सोंग उभं करत. मग ते ट्रकवर घालून लायन्सच्या घरी, वॅपेनबरी हॉलला, नेलं जाई. कारखान्यातल्या दिव्यांखाली पत्र्यावरचा उजेड खोटा पडतो, गाडी विकली जाणार ती उघड्या आकाशाखाली, म्हणून ती घरासमोर दिवसाच्या प्रकाशात ठेवायची. लायन्स तिच्याभोवती फिरत, वाकून पाहत, दूर जाऊन पाहत. इथे अर्धा इंच कमी करा, हे मडगार्ड थोडं मागे घ्या. पत्रा कापला जाई, ठोकला जाई, पुन्हा पाहणी. खर्च किती? काही कारागिरांची मजुरी, लाकूड आणि पत्रा. मोठ्या कंपन्या ज्या कामाला शेकडो माणसं लावत, ते काम हा माणूस स्वतःच्या नजरेवर आणि गार्डनरच्या हातांवर करत होता. सौंदर्याला पैसे पडत नाहीत, बेढब पत्रा दाबायलाही तेवढाच खर्च येतो आणि देखणा दाबायलाही, हे त्यांना कळलं होतं.

लोकांना ई-टाइप ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी वाटते. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती आली, आणि प्रात्यक्षिकांसाठी गर्दी आवरेना म्हणून चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस यांना दुसरी गाडी घेऊन रातोरात कॉव्हेंट्रीहून जिनिव्हा गाठावं लागलं. पण त्या गाडीचा आकार लायन्सचा नव्हता. तो माल्कम सेयर या विमानविद्येतून आलेल्या माणसानं गणितं मांडून काढला होता. लायन्सचं त्यात जे होतं ते किमतीत होतं. ब्रिटनमध्ये करासह सुमारे दोन हजार शंभर पौंड. त्या वेळच्या ॲस्टन मार्टिनच्या जवळपास निम्मी. खुद्द लायन्सना मात्र १९६८ ची एक्सजे सिक्स सर्वांत प्रिय होती. चार दारांची, शांत, कुटुंबाची गाडी. तिच्या जाहिरातीत ते स्वतः उभे राहिले. आरामात ती तिच्या दुपटी-तिपटीच्या गाड्यांशी टक्कर देत होती आणि किंमत होती अडीच हजार पौंडांच्या आत. गावातला डॉक्टर, वकील, लहान कारखानदार ती घेऊ शकत होता. आज जे लोक जॅग्वारला पुन्हा मूळ रूपात नेण्याची भाषा करतात त्यांनी ई-टाइपची चित्रं भिंतीवर लावण्याआधी एक्सजे सिक्सचं किंमतपत्रक लावावं असं मला वाटतं.

या स्वस्ताईची दुसरी बाजू आहे, आणि ती मी लपवणार नाही. लायन्स पुरवठादारांशी पैशापैशावर घासाघीस करत. यंत्रसामग्री जुनी झाली तरी चालवत राहत. गाडीच्या पत्र्याच्या बॉडीसाठी ते बाहेरच्या प्रेस्ड स्टील कंपनीवर अवलंबून होते, आणि १९६५ मध्ये ती कंपनी बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या बड्या मोटार कंपनीनं विकत घेतली तेव्हा त्यांच्या नाड्या दुसऱ्याच्या हाती गेल्या. वारस नाही, बॉडी दुसऱ्याची, वय पासष्टीला आलेलं. १९६६ मध्ये त्यांनी बीएमसीशी विलीनीकरण मान्य केलं. दोनच वर्षांत त्यातून ब्रिटिश लेलँड नावाचं अवाढव्य कडबोळं झालं आणि त्यात जॅग्वारची रया गेली. १९७२ मध्ये लायन्स निवृत्त झाले, १९७५ मध्ये सरकारनं सगळंच ताब्यात घेतलं. सत्तरच्या दशकातल्या जॅग्वार गंजण्यासाठी आणि बंद पडण्यासाठी प्रसिद्ध झाल्या, आणि त्याचा सगळा दोष लेलँडवर टाकणं बरोबर होणार नाही. नफ्यातला पैसा कारखान्यात पुरेसा न घालण्याची सवय लायन्सच्याच काळातली होती. १९८४ मध्ये कंपनी पुन्हा स्वतंत्र झालेली त्यांनी पाहिली. फेब्रुवारी १९८५ मध्ये वॅपेनबरी हॉलमध्येच त्यांचं निधन झालं. १९८९ मध्ये फोर्ड आली.

आता आजच्या प्रश्नाकडे. कंपनीची बाजू मी जितकी समजू शकतो तितकी अशी आहे. २०१८ मध्ये जॅग्वारच्या जगभरात सुमारे १ लाख ८० हजार गाड्या खपल्या, २०२३-२४ या आर्थिक वर्षात सुमारे ६७ हजार. एवढ्या संख्येवर बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीजशी किमतीची लढाई करता येत नाही, त्यांच्याकडे लाखोंचा खप आहे, सुटे भाग त्यांना स्वस्त पडतात. त्यात विजेच्या गाडीची बॅटरी महाग. मग थोड्या गाड्या बनवा, भारी किमतीला विका आणि तगून राहा. स्वस्त जॅग्वारचे प्रयोग आधी झाले आहेत आणि ते फसले आहेत, असंही सांगितलं जातं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. २००१ ची एक्स-टाइप ही फोर्डच्या मॉंडिओ या गाडीच्या पायावर बनलेली लहान जॅग्वार होती. ती फसली, खरं आहे. पण दुसऱ्याची चॅसी वापरली म्हणून ती फसली, असं म्हणता येत नाही, कारण मग १९२७ ची ऑस्टिन स्वॅलोही फसायला हवी होती. एक्स-टाइप दिसायला लायन्सच्याच एक्सजेची आखूड प्रत होती. तिशी-चाळिशीतला ग्राहक ती पाहून आपल्या वडिलांची गाडी लहान झालीय असं म्हणत होता. नक्कल केली आणि आपटली. २०१५ ची एक्सई उलट होती. तिच्यासाठी महागडा ॲल्युमिनियमचा सांगाडा बनवला, किंमत मात्र जर्मन गाड्यांच्या आसपासच ठेवली, आणि दिसायलाही ती त्यांच्यातच मिसळून जाणारी. बघणाऱ्याच्या मनातला आकडा आणि खरा आकडा यांत अंतर उरलंच नाही. या दोन्ही गाड्यांत लायन्सचं सूत्र वापरलेलं नव्हतं, तर ते सूत्र फसलं असं कशावरून म्हणायचं?

संख्येचा मुद्दा अधिक वजनाचा आहे. पण लायन्सही लहानच होते. ऑस्टिनपुढे, मॉरिसपुढे त्यांचा कारखाना चिमुकला होता. म्हणून तर त्यांनी मोठ्यांचे भाग घेतले. आज जॅग्वार नेमकं उलट करते आहे. नव्या गाडीसाठी तिनं स्वतंत्र पाया तयार केला आहे, जो समूहातल्या दुसऱ्या कोणत्याही गाडीला लागणार नाही. न दिसणाऱ्या लोखंडावर सर्वाधिक खर्च, तो वसूल करायला लाखाच्या पुढची किंमत, ती परवडणारे मूठभर, आणि त्या मूठभरांना खूश करायला आणखी खर्च. या चक्रातून लहान कंपनी सुटलेली मला ठाऊक नाही. त्या किमतीला ग्राहकासमोर बेंटली असते, पोर्श असते, आणि जॅग्वारचं नाव तिथे फारसं कधी नव्हतं. विजेच्या गाडीत तर इंजिनाचा आवाज आणि गिअरची मजा हा फरकच नाहीसा होतो. मोटार आणि बॅटरी कोणाची आहे हे बसणाऱ्याला कळतही नाही. उरतं ते रूप, बैठक, हाताला लागणारं कातडं आणि लाकूड. म्हणजे ज्या गोष्टींत लायन्सचा हात कोणी धरू शकत नव्हतं त्याच गोष्टी उरतात. त्यांची पद्धत इतकी लागू पडेल असा काळ १९२७ नंतर प्रथमच आला आहे, असं माझं मत आहे.

दुसऱ्याचा पाया घेणं समूहाला वर्ज्यही नाही. फ्रीलँडर हे लँड रोव्हरचं जुनं नाव चीनमधल्या भागीदारीत चेरी कंपनीच्या पायावरच्या विजेच्या गाड्यांना देण्याचं २०२४ मध्ये ठरलं. विजेच्या गाड्यांमध्ये खुद्द टाटांचा भारतातला अनुभव मोठा आहे. मग जॅग्वारलाच तेवढी ही वाट बंद का?

आणि टाटांना किमतीबद्दल कोणी नव्यानं शिकवायला नको. जॅग्वारचा करार करण्याआधी दोन-अडीच महिने, जानेवारी २००८ मध्ये, दिल्लीच्या प्रदर्शनात त्यांनी लाख रुपयांची नॅनो दाखवली होती. एकाच वर्षात जगातली सर्वांत स्वस्त गाडी आणि जॅग्वार, दोन्ही एकाच घरात. नॅनो चालली नाही. सर्वांत स्वस्त गाडी म्हणून ती विकणं ही चूक होती, असं रतन टाटांनी पुढे स्वतः म्हटलं. पावसात भिजत स्कूटरवर जाणाऱ्या कुटुंबाचा कळवळा त्या गाडीमागे होता आणि तो खरा होता. पण स्वस्त म्हणून ओळखली जाणारी वस्तू दारात उभी करायला त्याच कुटुंबाला संकोच वाटला. लायन्सनी कधीही स्वस्त गाडी विकली नाही. ते आधी गाडी दाखवत, माणसाला तिच्या प्रेमात पडू देत, त्याला ती आपल्या आवाक्याबाहेरची वाटू देत, आणि मग किंमत सांगत. मेफेअर हॉटेलातल्या चिठ्ठ्या आठवा. नॅनोचा आकडा गाडीच्या आधी काही वर्षं फिरत होता, आणि गाडी त्या आकड्याची कैदी झाली. नॅनोतून हा धडा घेतलेल्या घरानं जॅग्वारच्या बाबतीत दुसऱ्या टोकाला जाऊन गाडी दिसण्याआधीच तिचा लाखाचा आकडा मिरवावा, हे मला पटत नाही. तिथेही आकडा पुढे आणि गाडी मागे, हेच झालं.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. लाख पौंडांची गाडी येऊ घातली आहे, ती येऊ द्या. कारखान्याची तयारी झाली आहे, लोकांची कामं तिच्यावर आहेत, आता ती अडवण्यात अर्थ नाही. पण तिच्या मागोमाग दुसरी जॅग्वार जाहीर करा, चार दारांची, विजेची, समूहातल्याच किंवा भागीदाराच्या चालू पायावर बसवलेली, आणि तिची किंमत पहिलीच्या निम्म्यावर ठेवा. नवा पाया बनवण्यात वाचलेला पैसा आकारावर आणि आतल्या बैठकीवर लावा. तिचं पूर्ण आकाराचं प्रतिरूप दिवसाच्या उजेडात पाहिल्याशिवाय मंजूर करू नका. विक्रेत्यांना बोलवा, चिठ्ठ्या वाटा, आणि त्यांची सरासरी तुमच्या किमतीच्या दीडपट तरी येत नसेल तर गाडी परत कारखान्यात पाठवा.

ही मागणी करण्याचा हक्क आपल्याला आहे, कारण पैसा आपला लागला आहे. कंपनीची वार्षिक सभा दरवर्षी होते. लाभांश किती आणि कर्ज किती, हे तिथे भागधारक विचारतातच. यंदा कोणीतरी उभं राहून संचालकांना विचारावं की 'कॉपी नथिंग' हे ज्यांचं वाक्य तुम्ही घेतलंत, त्यांचं किंमतपत्रक तुम्ही का सोडलंत, आणि दुसरी गाडी कधी येणार.